कुमुदची काळी चार

१

चपलेचा जसा ज्याचा त्याचा नंबर असतो, तशी गाणाऱ्याची पट्टी असते. कुणाची काळी तीन, कुणाची काळी चार, कुणाची पांढरी पाच. हार्मोनियमच्या ज्या पट्टीवर गाणारा आपला सा धरतो ती त्याची पट्टी, जन्माची. साथीदाराने आपलं वाद्य तिच्यात लावायचं. गाणाऱ्याने साथीदाराच्या सोयीने पट्टी बदलायची नसते, हे गाण्याच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गुणवंतराव महाबळांनाही चांगलं ठाऊक होतं. तरी अठरा वर्षांपूर्वी त्यांनी हा नियम एकदा मोडला होता, आणि तेव्हापासून त्यांच्या घरात गाणं नव्हतं.

आता साल चौऱ्याण्णव, महिना मे. गुणवंतराव मार्चमध्ये सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झाले आणि दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर रिकामं करून मयूर विहारच्या एका नव्या सोसायटीत राहायला आले. तिसरा मजला. भिंतींना अजून चुन्याचा वास, लिफ्टच्या जागी नुसती पोकळी आणि तिच्यावर आडवी फळी, मजल्यावरच्या चारांपैकी तीन फ्लॅटना कुलूप. घरात माणसं दोनच, ते आणि त्यांची मुलगी केतकी. बायको कुमुद जाऊन नऊ वर्षं झाली होती. काविळीने गेली बिचारी.

केतकीला बाविसावं सरत होतं. गाणं ती घराबाहेर, क्लासात शिकली होती आणि मंडी हाउसजवळच्या एका संस्थेची गाण्याची शिष्यवृत्ती तिला हवी होती. निवड झाली तर दोन वर्षं गुरूंच्या समोर बसून शिकायचं. वयाची अट बावीस, त्यामुळे ही पहिली आणि शेवटचीच खेप. चाचणी बावीस मेला, रविवारी सकाळी अकराला, साथीला तबलजी संस्थेचा, पण सुरांचा साथीदार ज्याचा त्याने आणायचा.

"बाबा, तुम्ही वाजवाल?" केतकीने विचारलं. गुणवंतरावांचा व्हायोला अठरा वर्षं पेटीत पडून होता. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, अंगाने थोराड आणि आवाजाने घोगरी. वकिलातीतल्या एका परत जाणाऱ्या साहेबाकडून त्यांनी तो घेतला होता. पेटी उघडली तर तारा गंजून मेलेल्या.

"नाहीतर यार, एखादा हार्मोनियमवाला बघू," केतकी म्हणाली.

"हार्मोनियमवाला कशाला? मी मेलोय का?" गुणवंतराव म्हणाले. इतक्या जोरात म्हणाले की केतकी हसायलाच लागली.

दर्यागंजातल्या वाद्यांच्या दुकानात म्हाताऱ्या दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवला. "वायोला? इसकी तार तो बरसों में किसी ने नहीं माँगी. गाएगा कौन?"

"बेटी. काली तीन."

"फिर मोटी लीजिए. नीची पट्टी में पतली तार ढीली पड़ती है, भनभनाएगी." त्याने तीन पुड्या मांडल्या. एक पोलादाची, टिकाऊ पण आवाजाला कोरडी. दुसरी मेंढीच्या आतड्याची, मऊ, गोड, पण हवा बदलली की रुसणारी. तिसरी नायलॉनच्या गाभ्याची, जर्मन. "अब तो सब खुल गया है साहब, सीधा आता है. पहले तो कोई विलायत जाए, तब मिलती थी."

गुणवंतरावांनी तिसरी पुडी उचलली, जाडातली.

२

सोमवारी दुपारी त्यांनी तारा चढवल्या आणि काळी तीनला लावल्या. केतकीने सा लावला. भारदस्त, खालच्या अंगाचा आवाज पोरीचा. जाड तार त्याच्याखाली अशी बसली की गुणवंतरावांना वाटलं, आपल्याला अजून येतंय बरं का!

"क्या बात है बाबा! बिल्कुल फिट," केतकी म्हणाली.

मंगळवारी ती क्लासला गेली होती. तीनचा चहा झाला, बाहेर गरम वाऱ्याची लू चालली होती, खिडकीतला कूलर घरघरत होता. गुणवंतरावांनी पेटी उघडून तारांवर गज फिरवला आणि थबकले. सा चढा लागला. हार्मोनियमवर बोट ठेवून पाहिलं तर काळी चार. आणि एक तार नव्हे, चारही. एकमेकींशी चोख जुळलेल्या, जशा कुणी कान लावून बसून लावाव्यात.

आता नवी तार चार दिवस हलतेच. ताणली जाते, खुंटी सुटते, स्वर उतरतो. उन्हाने तार सैलावते, तरी स्वर उतरतोच. पण सुटलेली खुंटी वर चढलेली कुणी पाहिली आहे? गुणवंतराव हिशेबी डोक्याचे, आयुष्य फायलींत गेलेलं. त्यांनी ठरवलं की हे केतकीचंच काम.

"मी कशाला हात लावू?" संध्याकाळी ती म्हणाली. "ते पेग फिरवायला मला येतं तरी का?"

"पेग काय! खुंटी म्हण. मराठी विसरलीस साफ."

"अच्छा, खुंटी. नाही लावला हात. आईची शपथ."

त्यांनी तारा उतरवून पुन्हा काळी तीनला आणल्या. बुधवारी दुपारी तीनला पुन्हा काळी चार. मग ते दर्यागंजला जाऊन पोलादाच्या तारा घेऊन आले. दोष जर्मन मालाचा, दुसरं काय! गुरुवारी पोलादाच्या तारा काळी चारला चढल्या. आणि इतकी वर्षं झाली म्हणून काय झालं, ती पट्टी कुणाची हे गुणवंतरावांना हार्मोनियमला विचारावं लागलं नाही.

३

कुमुदची काळी चार.

शहात्तर साली तीही ह्याच संस्थेच्या चाचणीला बसली होती. कडेवर तीन वर्षांची केतकी, सासू आजारी, तरी पहाटे उठून रियाज करायची. आवाज असा की लक्ष्मीबाई नगरचे पंजाबी शेजारी दूध उतू जाईपर्यंत गॅलरीत उभे राहायचे. साथीला नवरा. व्हायोलावर तारा जुन्या, विटलेल्या.

त्याच महिन्यात ऑफिसातल्या साधना जोगळेकर जर्मनीहून दौरा करून आल्या. त्यांनी गुणवंतरावांसाठी तारांचा एक संच आणला, आतड्याच्या, वर चांदीची बारीक तार गुंडाळलेल्या. पुढच्या महिन्यात गुणवंतरावांची स्वतःची परीक्षा होती. एका वाद्यवृंदात जागा निघाली होती, आणि फायलींतून सुटायची ती एकच वाट होती. संच एकच. हिच्या चाचणीला चढवला तर आपल्या वेळेपर्यंत शिळा होणार. त्यांनी तो पाकिटासकट टेबलाच्या खणात, कागदांखाली ठेवून दिला.

जुन्या तारा काळी चारला टिकेनात. एक तर चाचणीच्या आदल्या दिवशी तुटलीच. मग गुणवंतरावांनी जोडाजोड करून वाद्य काळी तीनला उतरवलं आणि म्हणाले, "एका सुराने काय आभाळ कोसळतंय? गा की खाली."

कुमुद गायली. खालचे सूर तिला लागलेच नाहीत. जिथे तिचा आवाज भरून यायचा तिथे नुसती हवा आली. परीक्षकांनी अर्ध्यात थांबवलं.

आठवड्याने रेशनकार्ड शोधताना तिला खणात पाकीट सापडलं. ती ते घेऊन बाहेर आली. रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं गुणवंतरावांना पुढे हजारदा वाटलं. तिने पाकीट त्यांच्यासमोर ठेवलं. "अहो, हे आत नीट ठेवा. तुमच्या कामाला येईल."

त्यानंतर ती कधी गायली नाही. पोरीला निजवतानासुद्धा नाही. गुणवंतरावांनी पाकीट फोडलं नाही, परीक्षेलाही गेले नाहीत. केतकी मोठी होऊन विचारायची, आईने गाणं का सोडलं? ते सांगायचे, "संसार, दुसरं काय." खोटं बोलायची एकदा सवय लागली की जीभ अडखळत नाही.

४

तर आता काय करायचं? खरं म्हणजे सरळ होतं. केतकीला सगळं सांगायचं आणि हार्मोनियमवाला शोधायचा. दिल्लीत हार्मोनियमवाल्यांना काय तोटा? पण गुणवंतरावांना ह्या खेपेला स्वतःच वाजवायचं होतं. आईचं बिघडवलं, निदान लेकीचं तरी आपल्या हातून नीट व्हावं, एवढीच त्यांची इच्छा. इच्छा चांगलीच होती हो. पण तिच्यात केतकी किती आणि गुणवंतराव किती, हे त्यांनी तपासलं नाही.

शुक्रवारी त्यांनी खुंट्यांना पांढरा खडू भरपूर घासला. खडू लावला की खुंटी लाकडाला घट्ट धरते, सरकत नाही. वाद्य काळी तीनला लावून, सतरंजीवर पेटी ठेवून, खोलीला बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. ती खोली रियाजाची. एक खिडकी, तिच्यात कूलर, बाकी रिकामी. केतकी बाहेरच्या खोलीत झोपली होती. ते दारासमोर खुर्ची टाकून पेपर वाचत बसले. अडीच वाजले. आत कूलर घरघरत होता. मध्येच त्यांना वाटलं, लाकूड कुरकुरतंय. नवं घर आहे, दारं सुकताहेत, त्यांनी स्वतःला सांगितलं. पुन्हा कुरकुरलं. थांबलं. पुन्हा. खुंटी पिळताना होतं तसं, थोडं पिळून, ऐकून, पुन्हा थोडं पिळून.

तीन वाजता त्यांनी कुलूप काढलं. पेटी बंद होती. तारा काळी चार.

पण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतं. सतरंजी गडद निळी. ते बसत त्या जागेच्या समोर, जिथे गाणारी बसेल तिथे, सतरंजीवर खडूची चार बोटं उमटली होती. एकाच जागी पुन्हा पुन्हा. कुमुद गाताना मांडीवर ताल धरत नसे, जमिनीवर बोटं टेकवत असे. सासूबाई त्यावरून बोलायच्या तिला.

गुणवंतरावांनी फडकं ओलं करून ते डाग पुसले. कूलरच्या वाऱ्याने खडू उडाला असेल, असं ते पुटपुटले. पण चार बोटांसारखा उडेल का?

"बाबा, काय पुसताय?" दारातून केतकी.

"काही नाही. चहा सांडला."

"परवा चाचणी आहे. तार टिकेल ना? मला उद्या रात्रभर टेन्शन येईल." ती जवळ येऊन बसली. "मला मिळालं नाही ना, तर कॉम्प्युटरचा कोर्स आणि नोकरी. पण मला गायचंय. अजून कशातच मी मी असते असं वाटत नाही. गाताना वाटतं."

"टिकेल," गुणवंतराव म्हणाले. "माझ्यावर सोड."

५

चाचणीच्या आदल्या दिवशी केतकी तबलजीबरोबर सराव करायला गेली. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटीही तिने बरोबर नेली. गुणवंतरावांनी कपाटातल्या फायलींच्या तळातून ते अठरा वर्षांचं पाकीट काढलं आणि फोडलं.

आतड्याच्या तारा इतक्या वर्षांत वाळून तुटायला हव्यात. ह्या मऊ होत्या. त्यांनी एकेक तार चढवली आणि कुणीही न सांगता काळी चारला लावली. खुंट्या लोण्यासारख्या फिरल्या.

"कुमुद," ते समोरच्या रिकाम्या सतरंजीला म्हणाले. "चुकलो ग मी. तेव्हाच द्यायला हव्या होत्या. हे घे. एकदा तुझं गाणं होऊन जाऊ दे, मग पोरीच्या वाटेला जाऊ नकोस."

त्यांनी तोडी सुरू केली. सकाळचा राग भर दुपारी, पण वेळेचं भान कुणाला होतं? तोडी कुमुदने चाचणीला म्हटली होती, आणि उद्या केतकीही तीच म्हणणार होती. डोळे तारांवर ठेवून ते वाजवत राहिले.

मध्येच वीज गेली. पंखा मंदावला, कूलर धडधडून बंद पडला. मयूर विहारची दुपार अशी थिजली की खालच्या चौकीदाराचा खोकला वर ऐकू आला. आणि तरी खोलीत सा चालूच होता. इतका वेळ कूलरच्या घरघरीखाली तो होता, आता उघडा पडला. गज थांबवून त्यांनी कान दिला. तो तारांतून येत नव्हता. समोरून येत होता, मिटल्या ओठांनी कुणी सूर धरावा तसा.

गुणवंतरावांनी मान वर केली नाही. नजरेच्या कडेला जेवढं दिसत होतं तेवढंच दिसलं. सतरंजी एका जागी दबलेली. आणि एक हात, चार बोटं जमिनीवर टेकवणारा, उचलणारा, पुन्हा टेकवणारा. बोटांची टोकं पांढरी होती.

ते वाजवू लागले. पळून जायला हवं होतं, पण ते वाजवू लागले, कारण असं सुख त्यांना अठरा वर्षांत मिळालं नव्हतं. वाजवताना ते रडत होते. शेवटच्या सुरावर हात थांबला.

"झालं ना?" त्यांनी विचारलं. "आता केतकीला गाऊ देशील?"

उत्तर आलं नाही. वीज आली, कूलर फिरला, सतरंजी सपाट होती. कुमुद गप्प राहिली म्हणजे तिची हरकत नाही, असं समजायची गुणवंतरावांची खोड जुनीच होती. ह्याही वेळी त्यांनी तसंच समजून घेतलं.

त्यांनी जाड जर्मन तारा परत चढवल्या, काळी तीनला लावल्या. संध्याकाळी पाहिलं, काळी तीन. सकाळी सहाला पाहिलं, काळी तीन. मंडी हाउसला जाताना ऑटोत पेटी उघडून तार छेडली, तरी काळी तीन. सुटलो रे देवा, ते म्हणाले आणि ऑटोवाल्याला सुटे पैसेही ठेव म्हणाले.

६

हॉल थंडगार होता. समोर तीन परीक्षक, मध्ये एक वयस्क बाई. केतकी मांडी घालून बसली. गुणवंतरावांनी पुन्हा एकदा तार छेडून पाहिली. बरोबर. तंबोऱ्याची पेटी चालू होती, तीही बरोबर. आता काही बिघडणार नव्हतं.

मग केतकीने हात पुढे केला आणि तंबोऱ्याचं बटण फिरवलं. सूर हळूहळू वर चढला आणि काळी चारवर थांबला.

तबलजीने मुकाट्याने हातोडी उचलून तबला चढवायला घेतला. त्याला काय ठाऊक? गाणाऱ्याने पट्टी धरायची आणि बाकीच्यांनी वाद्यं लावायची, रिवाजच तसा. तिघे परीक्षक गुणवंतरावांकडे पाहू लागले. केतकीची पाठ त्यांच्याकडे होती, चेहरा दिसत नव्हता. तिच्या उजव्या हाताची चार बोटं जमिनीवर टेकली होती.

"केतकी," एवढं म्हणणं पुरेसं होतं. वाद्य खाली ठेवून उठणं पुरेसं होतं. गुणवंतरावांना ते कळत होतं, अगदी स्वच्छ कळत होतं. तेवढ्यात पहिला आ-कार लागला आणि शहात्तर साली जिथे नुसती हवा आली होती तिथला तो खालचा सूर भरून आला. गुणवंतरावांनी खुंट्या पिळल्या. चारही तारा काळी चारला नेल्या. आणि साथ केली, आयुष्यात कधी केली नव्हती अशी.

अर्ध्यात कुणी थांबवलं नाही. संपल्यावर मधल्या बाई चष्मा काढून डोळे पुसत म्हणाल्या, "बेटी, यह आवाज़ अब तक कहाँ छुपा रखी थी?"

केतकीने वाकून नमस्कार केला.

बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये बाकावर ती बसली, बाटलीतलं पाणी प्यायली आणि घसा साफ करून हलकेच गुणगुणली, काळी तीनमध्ये, सराव करायची तशी. मग घड्याळाकडे पाहिलं.

"बाबा, साडेअकरा वाजले. आपला नंबर कधी?"

गुणवंतरावांच्या हातातली पेटी जड झाली. "अगं, झालं की. आत्ता नाही का गायलीस? फार छान गायलीस."

"मजाक नको ना, प्लीज. आधीच धडधडतंय." ती हसली, मग त्यांचा चेहरा पाहून हसायची थांबली. आतून पुढच्या मुलीचं नाव पुकारलं. ती मुलगी तंबोरा सावरत आत गेली आणि दार बंद झालं. केतकीने त्या दाराकडे पाहिलं, स्वतःच्या उजव्या हाताच्या पांढुरक्या बोटांकडे पाहिलं.

"कोण गायलं बाबा?" तिने विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "मी तर अजून सुरुवातच केली नव्हती. तुम्ही तिथेच होतात ना? मग थांबवलं का नाहीत?"